डावीकडचं गाणं

मेथीची अर्धी जुडी निवडून झाली होती, अर्धी पुढ्यात तशीच पडली होती. तेवढ्यात समोरच्या दारावर कोणीतरी धडाधडा मारायला लागलं. समोर अपर्णा राहते, एकटीच. तिच्याकडे सहसा कोणी येत नाही, म्हणून मी सूप बाजूला सारून उठले.

बाहेर फुलसिंग होता. जवळच्या तांड्यावरचा, लमाणी गाण्यांचे व्हिडिओ काढणारा. मोटारसायकल तशीच चालू ठेवलेली.

"मावशी, ताई घरात हायेत का न्हाई? फोन उचलून न्हाई राहिल्या."

"घरातच असते ती. जोरात मार."

"अजून किती जोरात? दार हातात येईल माझ्या!"

गल्लीतल्या बायकांचं हेच म्हणणं. अपर्णाला हाक मारली तर ओ देत नाही, पुण्याची हवा डोक्यात गेली आहे. पण ती तशी नाही. आमच्या महादेवाची पूजा करणाऱ्या उद्धवकाका गुरवांची ही मुलगी. पुण्यात एका स्टुडिओत आवाजाचं काम करायची. काकांनी अंथरूण धरलं तशी इथे कळमनुरीला आली. काका गेले, देवळातल्या पूजेची पाळी चुलतभावाकडे गेली, आणि ही दोन खोल्यांत एका कॉम्प्युटरसोबत राहून गेली. काम इथूनच करून पाठवते.

"तू नक्की करतेस तरी काय गं?" असं मी एकदा विचारलं होतं.

"शूटिंगला गाणं मोठ्या बॉक्सवर लावतात ना काकू, अन् नाचणारे त्याच्यावर ओठ हलवतात. ते लावायचं गाणं मी तयार करते. डाव्या बाजूला गाणं. उजव्या बाजूला नुसती किर्रकिर्र. ती वेळेची खूण, टाइमकोड म्हणतात. ती बॉक्सवर वाजवायची नसते, वायरने कॅमेऱ्यात जाते. म्हणजे मागून जोडणाऱ्याला कळतं, कोणता तुकडा गाण्यात कुठं बसतो."

"मग सिनेमात तुझं काय ऐकू येतं?"

"काहीच न्हाई. ती खूण शेवटी काढूनच टाकतात."

मुंबई-हैदराबादकडे तिचं काम जातं, पण तिने एकही शूटिंग डोळ्यांनी पाहिलेलं नाही. चुकलं तरच तिला फोन येतो. बरोबर वाजलं तर कोणी कशाला फोन करील? महिनोन्महिने तिचा फोन गप्प असतो, आणि तेच तिने चांगलं म्हणायचं.

मी मागच्या अंगणातून गेले. खिडकीतून हात आत घालून हलवला तेव्हा कुठे ती दचकून उठली. कानावर नवाकोरा हेडफोन होता. तिने दार उघडलं आणि फुलसिंग उंबऱ्यातूनच सुरू झाला.

"ताई, काय पाठवलं तुमी? सकाळधरून बाया नटून उभ्या हायेत. बॉक्स लावला, तर गाण्याच्या जागी किर्रर्र! बकऱ्या दावं तोडून पळाल्या. आमची नानीबाई आजी म्हणे, फुल्या, गाणं लाव म्हणलं तर गिरणी काहून लावली रे?"

मला हसू आवरेना. अपर्णा मात्र हसली नाही.

"वायर उलटी लागली असंल तुमच्याकडं."

"दोनदा पाहिली ताई. उन्हं गेली की संपलं. उद्या बाजार हाय, बाया काही पुन्हा जमायच्या न्हाईत."

तिने हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला आणि गाणं लावलं. "कोणत्या कानात येतंय?"

फुलसिंगने उजवा कान दाखवला.

तिने तो काढून स्वतः घातला. मग उलटा घातला. पुन्हा सुलटा. तिचा चेहरा उतरला. तशीच खाली बसली आणि दोन्ही बाजू बदलून गाणं नव्याने तयार करून दिलं. या वेळी दोनदा फुलसिंगला ऐकवलं, एकदा मलाही. माझ्या उजव्या कानात ती किर्रकिर्र शिरली तेव्हा अंगावर काटा आला. ही बाई दिवसभर ते कानात घेऊन बसते!

निघताना तिच्या डाव्या हाताला उभा राहून फुलसिंग गमतीने म्हणाला, "काय ताई, कान बरे हायेत ना?"

ती पेन ड्राइव्हचं टोपण शोधत राहिली. त्याला वाटलं रागावली. तो गुपचूप गेला.

मला मात्र राहवेना. मी तिच्या डाव्या अंगाला जाऊन हळूच म्हटलं, "अपर्णा." ती तशीच. पलीकडे जाऊन तेवढ्याच आवाजात म्हटलं.

"काय काकू?"

मी तिला खाली बसवलं आणि डावीकडून मारलेली हाक तिला ऐकू आली नाही, ते सांगितलं. तिने हेडफोन उचलून मांडीवर घेतला. मग बोलली. पावसाळ्यापासून हेडफोनची डावी बाजू बारीक वाजते असं तिला वाटत होतं. वायर सैल झाली असेल, फिरवली की जुळते, असं समजून ती तो उलटा घालायची, म्हणजे गाणं उजव्या कानाला नीट यायचं. परवा नवा आला, सुलटा घातला, तर उजव्या कानात किर्रकिर्र. तिला वाटलं आपलीच फाईल उलटी झाली. तिने ती फिरवली आणि पाठवली.

"कान गेला असंल, हे मनातसुद्धा आलं न्हाई?"

"कसं येणार काकू? घरात हाक मारणारं कोणी असतं, इकडून-तिकडून, तर आठ दिवसांत कळलं असतं."

देवापुढचा दिवा तिचा सकाळचाच विझलेला होता. मी वात सारखी करून तो लावला.

थोड्या वेळाने तिने फुलसिंगला फोन लावला, उजव्या कानाला धरून. "भाऊ, चूक माझीच होती. मला डाव्या कानाने ऐकू येऊन न्हाई राहिलं. पुढची तीन गाणी माझ्याकडं द्यायची का न्हाई, ते तुमी ठरवा."

"कशाला सांगितलंस गं?" फोन ठेवल्यावर मी म्हटलं. "गाणं तर नीट करून दिलंस."

"लोक माझ्या कानाच्या भरवशावर बाया उभ्या करतात, काकू."

"काय म्हणाला तो?"

"बरं म्हणाला. नुसतं बरं."

उन्हं उतरली, देवळात आरती झाली, तरी फुलसिंगचा फोन आला नाही. म्हणजे गाणं बरोबर वाजलं. आता पुढची गाणी तो हिला देतो की दुसरीकडून करून घेतो, हे मात्र कळायला मार्ग नाही. ती फोन मांडीवर ठेवून, पडदा काळा झालेल्या कॉम्प्युटरसमोर बसलेली. मी मेथीची भाजी-भाकरी नेऊन दिली आणि म्हटलं, "उद्या नांदेडला चल. मी येते संगं."

"नको काकू. एकटीनं जायची सवय हाय मला."

"तिथं नाव पुकारतात. कोणत्या बाजूनं पुकारतील, काय सांगावं?"

तिने भाकरी मोडली, तशीच हातात धरून बसली. मग होकाराची मान हलवली.

उद्या सकाळच्या पहिल्या बसने अपर्णाला नांदेडला कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे.