दिव्याच्या पुढची ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही — ते जाईपर्यंत नाही. पोरांना नाही. आणि मी काय गप्प बसणारी बाई आहे? किन्हवलीत कुणालाही विचारा, हिच्या तोंडाला कुलूप नाही म्हणतील. एवढ्या एका गोष्टीला मात्र होतं. तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

माझ्याकडे जुन्या व्हिडिओ कॅसेटी आहेत, कपाटभर. एके काळी आमचं कॅसेटी भाड्यानं द्यायचं दुकान होतं ना, तेव्हापासूनच्या. लोक पिक्चर बघायचे. मला आवडायचं ते पिक्चरच्या आधीचं — कॅसेट काढणाऱ्या कंपनीचं चिन्ह. कुणाचं कमळ उमलायचं, कुणाचा पृथ्वीचा गोळा गरगरा फिरायचा, आणि वर ते भोंग्यासारखं संगीत. दुकानात दोन व्हीसीआर होते. एकावर कॅसेट लावायची, दुसऱ्यावर चिन्ह तेवढं उतरवून घ्यायचं, पिक्चर सुरू झाला की बंद. हे हसायचे, "अगो, लोक जेवतात नि तू ताटाची नक्षी बघत बसतेस!"

आता कल्याणहून, मुंबईहून हौशी माणसं येतात, फोटो काढतात. "मावशी, काय जपलंत हो!" म्हणतात. जपलंत — हा शब्द मला सोसत नाही. का ते सांगते.

सुमन माझी धाकटी जाऊ. तिची आई मुरबाडकडची, धवलारीण. धवलारीण म्हणजे आमच्याकडे लग्नात गाणी म्हणत म्हणत सगळे विधी लावणारी बाई. त्या गाण्यांना धवले म्हणतात. स्वतःच्या लेकीची हळदसुद्धा त्या माउलीनं गाऊन लावली. तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी उतरवलेला होता — सुमनच्या लग्नाच्या कॅसेटवर. ती कॅसेट सुमननं माझ्याकडे आणून दिली. "ताई, चित्र थरथरतंय. तुमच्या हाताला कळतं यातलं, जरा साफ करून द्या."

मी साफ केली. फळीवर ठेवली. आणि त्याच दिवशी कल्याणच्या व्यापाऱ्याकडून एक कॅसेट आली, तिच्यावर मी कधी न पाहिलेलं चिन्ह — समईसारखा दिवा, हळूहळू फिरणारा, ज्योत निळी. दुपारच्या एसटीनं ती परत जायची होती. कोरी कॅसेट दुकानात एकही नाही. मग काय केलं मी?

तुम्हाला माहीत असेल-नसेल, कॅसेटच्या पाठीला एक बारकी पट्टी असते. ती मोडली की तिच्यावर दुसरं काही उतरत नाही. लग्नाच्या कॅसेटची ती मोडून ठेवा हो, असं गावभर मीच सांगत फिरायची. सुमनचीही मीच मोडली होती. आणि मीच त्या भोकावर चिकटपट्टी लावली, म्हणजे पुन्हा उतरतं. साफ करताना कॅसेट जिथं थांबली होती, तिथून पुढचा भाग कोरा असेल असं धरलं. बघितलं का? नाही. बघायला कितीसा वेळ लागला असता? पण टीव्ही एकच, त्याच्यावर ते दिव्याचं चिन्ह लावलेलं, आणि मला तो दिवा हवा होता. बटण दाबलं. तेवढ्यात आटगावची एक ओळखीची बाई आली, मी बोलत बसले. दिवा फिरून गेला, पिक्चर सुरू झाला, आणि यंत्र आपलं उतरवतंच राहिलं — सुमनच्या आईच्या आवाजावर.

सुमनला सांगितलं, बुरशीनं खाल्ली गो, टाकून दिली. तिला वाईट वाटलं माझंच! "जाऊ द्या ताई, आई हाय ना अजून. पुन्हा गायला लावू तिला." चहा करून दिला मला. तिची आई पुढच्या पावसाळ्यात गेली. गायचं राहूनच गेलं.

एवढंच असतं तर कदाचित मी हे बोलले नसते. पण कॅसेट मी टाकली नव्हती. सगळं पुसलं गेलंही नव्हतं. मी बटण बंद केलं तिथून पुढं आई पुन्हा ऐकू येते. एकच ओळ, धवल्याची शेवटची. नवरीच्या नावानं ती ओळ बांधायची तिची रीत होती. "सुमन" म्हणते, आणि नाव लांबवत लांबवत खाली आणते. एवढं शिल्लक होतं! पण ते द्यायचं तर आधी तो दिवा दिसणार, पिक्चर दिसणार, माझं खोटं उघडं पडणार. म्हणून नाही दिलं. कपाटात तळाशी ठेवलं आणि एकटीनं ऐकत राहिले. दुसऱ्याच्या आईचा आवाज — मी.

यंदा सुमनच्या लेकीची हळद होती. सगळ्या बायका म्हणाल्या, "सुमन, तुझ्या आयेचा धवला म्हण गो." तिनं म्हटला, छान म्हटला, आणि शेवटाला अडली. "पुढचं नाय येत आता," म्हणाली आणि हसली. मी तिच्या मागंच बसले होते, हाताला हळद लागलेली. मला ती ओळ येत होती. चालीसकट येत होती. मी काय केलं? मान खाली घालून हळद चोळत राहिले.

त्या दिवशी ठरलं. आज सुमनला बोलावलंय. व्हीसीआर पुसून लावून ठेवलाय. त्या ओळीवर थेट नेऊन लावता आली असती कॅसेट, पण तशी लावलेली नाही. हळदीपासून लावलीय. आई गायला लागेल, मध्येच तुटेल, दिवा फिरेल, मग तो पिक्चर — सगळं तिला दिसू दे. शेवटी तिचं नाव येईल. तोवर मी तिच्यासमोर बसणार आहे, मागं नाही. कॅसेट तिला देणार, आणि ती काय म्हणेल ते ऐकणार. माझं मी काही बोलणार नाही.