चित्रातल्या चपला

धायरीच्या फ्लॅटचे ग्रिल रंगवायला माणूस आला आणि टर्पेंटाइनच्या वासाने मला आमच्या जुन्या घरातली एक दुपार आठवली. चित्रकला शिकणाऱ्या ताईने आईला खिडकीपाशी खुर्चीत बसवून तिचं तैलचित्र काढलं होतं. ते पूर्ण झालं म्हणून आम्ही सगळे बघायला जमलो होतो.

मी आधी खिडकीचे गज मोजले. पाचच्या पाच बरोबर होते. आईच्या पातळाचा विरलेला काठ, मांडीवर घट्ट धरलेले हात, सगळं जसंच्या तसं होतं. फक्त तिच्या पायांत चपला होत्या.

"अगं, घरात चपला घालून कोण बसतं?" बाबा ताईला म्हणाले. "तुमच्या कॉलेजात एवढंही शिकवत नाहीत?"

"मी माझ्या मनाचं काही घातलं नाही, बाबा. आई तशीच बसली होती."

"मग नुकतीच मंडईतून आली असेल."

आई म्हणाली, "अहो, मग पिशवी कुठाय चित्रात?"

मी हसलो. बाकी कोणीच हसलं नाही. आई चहा ठेवायला उठली.

चूक काढता आली नाही म्हणून बाबा चिडलेत, असं मला तेव्हा वाटलं. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा आहे आणि मला वाटतं, ते घाबरले होते. कुठे निघाली होतीस, हे त्यांनी विचारलं नाही. ती स्वयंपाकघरात जाईपर्यंत ते तिच्या अनवाणी पायांकडे बघत राहिले.