वन्संचा थर्मास

खालच्या दुकानातल्या शेठनी भर दुपारी हाक मारली, "भाभी, नीचे आओ, कॉलेज से फोन है." पलीकडचा माणूस सांगत होता, मॅडम शिकवता शिकवता खाली बसल्या, आणि... पुढचं माझ्या कानात शिरलंच नाही. मॅडम म्हणजे माझी नणंद. लग्न केलं नाही, अंबरनाथला आमच्यातच राहायच्या, उल्हासनगरला कॉलेजात शिकवायच्या. मी त्यांना वन्सं म्हणायचे. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला.

शोकसभेत एक साहेब म्हणाले, त्यांचं संशोधन अपुरं राहिलं. मला तिथे बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

माझ्या सुमनला नवव्या वर्षी मधुमेह निघाला. रोज इन्शुलिनची सुई, तीही जन्मभर. तिने विचारलं, "आत्या, मी बरी होणार ना?" आम्ही सगळे हो म्हणायच्या बेतात होतो. वन्सं म्हणाल्या, "ते मला माहीत नाही गं. मी शोधते. तोवर तू सुई चुकवायची नाही."

पोटात स्वादुपिंड असतं, त्यातल्या बारीक पेशी इन्शुलिन तयार करतात. सुमनच्या त्या पेशी मेल्या होत्या. दुसरीकडच्या पेशी काचेच्या बशीत जगवता आल्या, तर पुढेमागे त्या माणसाच्या अंगात बसवता येतील, अशी वन्संची आशा. त्यासाठी बकऱ्याचं ताजं स्वादुपिंड लागायचं. आमचं घर शाकाहारी. वन्सं सकाळी थर्मासात बर्फ भरून उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या खाटकाकडे जायच्या. शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं, "काय हो, नणंदबाई मटणाला लागल्या वाटतं?" वन्संना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांना सांग, रस्सा झाला की वाटी पाठवते." सासूबाईंनी मात्र लेकीच्या त्या थर्मासाला कधी हात लावला नाही.

पैशासाठी दिल्लीला अर्ज केला. एवढ्याशा कॉलेजात हे काम व्हायचं नाही, असं उत्तर आलं. मग एका औषध कंपनीच्या साहेबांना भेटल्या. साहेब म्हणाले, "मॅडम, रोज घ्यायची गोळी काढा, पैसे लगेच देतो. माणूस एकदाच बरा झाला तर आम्ही विकायचं काय?"

"मग तू काय म्हणालीस?" ह्यांनी विचारलं.

"म्हटलं, चहा छान होता."

हसल्या, पण ताटातला भात तसाच राहिला...

मदतनीस ठेवणं परवडेना. पुढे वन्संना सकाळचे तास लागले, म्हणून खाटकाकडे मी जायला लागले. पहिल्या दिवशी मान खाली घालून थर्मास पुढे केला. खाटीक म्हणाला, "मॅडम का है ना? इसको तो कोई खाता नहीं, ले जाओ. बच्ची कैसी है?" सुमनची गोष्ट वन्संनी त्यालासुद्धा सांगितली होती.

पेशी पुन्हा पुन्हा मरायच्या. वन्सं पुन्हा मांडायच्या. अशी काही वर्षं गेली. मग एका संध्याकाळी त्या चपला न काढताच आत आल्या. "सुमे, बशीत साखर घातली, आणि पेशींनी इन्शुलिन सोडलं. मुंबईहून तपासून आणलंय."

"मग माझी सुई बंद?"

"नाही. पण वाट बरोबर आहे."

सुमन उठली. म्हणाली, "बरं, चहा टाकते. तुझ्यात साखर घालू ना?"

पुढच्या कामाला मोठी यंत्रं हवी होती. ते पैसे शेवटपर्यंत मिळाले नाहीत. पण वन्संच्या दोन विद्यार्थिनी आज मोठ्या प्रयोगशाळेत हेच काम करतात. सभेनंतर त्यांनी माझे हात धरले. म्हणाल्या, "मॅडमनी सोडलं तिथूनच आम्ही सुरू केलं." याला अपुरं कसं म्हणायचं?

सुमनने सुई चुकवली नाही. ती आता बदलापूरला शिरगावच्या शाळेत शिकवते. दुपारच्या जेवणाआधीचं इन्शुलिन बरोबर न्यावं लागतं. त्याच थर्मासात बर्फ भरते, बाटलीला तो लागू नये म्हणून रुमाल गुंडाळते. काल घाईत थर्मास ओट्यावरच विसरली. मी हात पुसून उठेपर्यंत सासूबाईंनी तो उचलला, छातीशी धरला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, "सुमे, थांब. तुझी आत्या राहिली."