फकिराची राहिलेली कबुली

भिलाईत भट्ट्यांचे सांगाडे उभे राहत होते तेव्हा चंपत एका ठेकेदाराकडे रिव्हेट ठोकायचा. लालभडक तापलेला रिव्हेट भोकात शिरला की त्याचा जोडीदार फकिरा मागून टेकू द्यायचा आणि चंपत पुढून हवेचा हातोडा चालवायचा. तो आवाज असा, की शेजारी तोफ उडाली तरी कळू नये. म्हणून वर चढलेली माणसं नुसते ओठ हलवत आणि समोरचा ते वाचून घेई. शिव्यासुद्धा तशाच दिल्या जात आणि बरोबर पोचत.

दोघं अमरावतीकडच्या एकाच गावचे, ख्रिस्ती, एकाच मिशनशाळेत शिकलेले. एके दुपारी फकिरा परांचीवरून खाली कोसळला. छाती चेपली होती, आवाज निघत नव्हता. महिन्यातून एकदा येणारे फादर तिकडे रायपूरला. फकिराचे ओठ हलले, ‘मले माह्या पापाची कबुली द्याची हाय. तूच आयक.’

“मी पाद्री हाय का बाबू? मले अधिकार नाही,” चंपत म्हणाला.

तरी ओठ हलतच राहिले. दुसऱ्याची पापं आपण कशी वाचावी, म्हणून या भल्या माणसानं तोंड फिरवलं. परत पाहिलं तेव्हा ओठ थांबले होते.

ते त्याच्या जिवाला फार लागलं. मग ऐकण्याचा अधिकारच मिळवायचा, म्हणून त्यानं पाद्री व्हायचं ठरवलं आणि पक्की होऊ घातलेली नोकरी सोडली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागला, असं सगळे म्हणाले. एकटी फकिराची आई शेवंतामाय म्हणाली, “जाय बाबू. फादर झाला का चर्चातल्या प्रार्थनेची पयली मिस्सा माह्या पोराच्या नावानं कर.”

तिशीला टेकलेला हा गडी पाद्री घडवणाऱ्या नागपूरच्या सेमिनरीत मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या रांगेत जाऊन बसला. लॅटिननं त्याचा घाम काढला. तो कायम पहिल्या बाकावर, शिकवणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून. फादर खूश. पोरं मात्र त्याला गर्विष्ठ म्हणत, कारण मागून हाक मारली तर तो कधी ओ देत नसे. कान जरा मंद झालेत, एवढंच त्याला वाटे. आपण कानांनी नाही, डोळ्यांनी ऐकतो, हे त्या बापड्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

सातव्या वर्षी, गुरुदीक्षेला चार महिने उरले असताना, कबुली ऐकण्याचा सराव सुरू झाला. कपाटाएवढ्या लाकडी खोलीत चंपत बसला. मध्ये जाळी, जाळीवर जांभळा पडदा. पलीकडे सेमिनरीचे म्हातारे प्रमुख पापी होऊन गुडघे टेकणार होते. चंपत वाट पाहत राहिला. बराच वेळ गेला. अजून ते आलेच नाहीत, असं त्याला वाटलं. शेवटी प्रमुख स्वतःच उठून समोर आले. त्यांचं तोंड दिसलं तेव्हा कुठं शब्द आले.

“चंपत, मी तीनदा सगळं सांगितलं.”

“पडदा काढला तर, फादर? ओठ दिसले की मले पुरे.”

“माणूस तोंड लपवूनच पाप सांगतो, बाळा. आणि तुझ्यासाठी त्यानं ओरडायचं का?”

म्हाताऱ्याचेही डोळे भरले होते, पण नियम तो नियम. डॉक्टरनं कान तपासून सांगितलं, हातोड्याच्या आवाजानं ते कायमचे गेलेत.

चंपत भिलाईला परतला. त्यानं ठोकलेल्या सांगाड्यांत आता लोखंड वितळत होतं. कामगारांच्या कॅम्पात, फकिराच्या जुन्या खोलीत, शेवंतामाय पार वाकून गेली होती. “आले का फादर?” म्हणत ती त्याच्या पाया पडायला गेली. त्यानं तिला वरच्यावर धरलं.

“मी पाद्री नाही झालो, माय. मले आयकूच येत नाही.” मग सात वर्षं पोटात ठेवलेलंही बाहेर पडलं. “तुहा फकिरा मरताना सांगून राह्यला होता. मले सारं समजलं असतं. मीच तोंड फिरवलं.”

म्हातारीनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं, आपल्याकडे वळवलं आणि ती बोलू लागली. या वेळी चंपत हलला नाही. पण डोळ्यांत इतकं पाणी आलं होतं, की तिचे ओठ त्याला दिसेनात.