वरातीतला ढोलवाला

आमच्या झाशीच्या रॉक बँडचा ड्रमर इंदूरला नोकरीला गेला, पाठोपाठ गायकही. उरलो आम्ही दोघे गिटारवाले भाऊ आणि अर्धवट अल्बम. धाकटा म्हणाला, "गुंडाळू या." शेवटचा प्रयत्न म्हणून मी दतिया गेटच्या वरातवाल्या बँडमधला एक ढोलवाला स्टुडिओत आणला.

साठीचा माणूस, अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. गरमीत कोट कशाला, विचारलं तर म्हणे, "बिना कोट के हाथ नहीं चलता."

गाणं सुरू झालं. त्याने डोळे मिटले आणि वाजवत वाजवत चालायलाच लागला! माइक इथे, ढोल दारापाशी. तीनदा धरून जागेवर आणला, तीनदा निघाला. मी वैतागलो. "चाचा, एक जगह खड़े होकर बजाइए ना!"

त्याने डोळे उघडले. "खड़े होकर तो दुल्हन के दरवाज़े पर बजाते हैं, भैया. आप लोग तो अभी रास्ते में हो."

धाकटा हसत सुटला. रेकॉर्डिस्टने माइक हातात घेतला आणि आम्ही सगळे ढोलामागे खोलीभर गोल गोल फिरलो. जन्मात न गायलेला मी बेंबीच्या देठापासून गायलो.

अल्बममध्ये ते गाणं तसंच ठेवलंय. शेवटी दार उघडल्याचा आवाज येतो. म्हातारा वाजवत गल्लीत निघाला होता, आणि गिटार टाकून, "चाचा, रुकना मत!" असं ओरडत त्याच्यामागे पळाला तो आमचा धाकटाच.