इटलीचा रवा, चांद्याची पुनव

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण पुढं मी माझ्या हुशारीची गोष्ट सांगणार आहे.

त्या वर्षी घुग्घुसच्या खाणीवर इटलीचा एक इंजिनीयर आला. तिथल्या बंगल्यांचा किराणा कोणी पुरवायचा, हे त्याच्या शब्दावर होतं. तो शब्द चांद्याच्या माझ्या दुकानासाठी निघावा म्हणून मी त्याच्यापुढं इतका वाकलो, की कंबर आजही कुरकुरते.

एकदा साहेब हळहळला. त्याच्या देशात म्हणे रवा दुधात शिजवतात, मीठ, लोणी, अंडं घालतात, थापून गोल चकत्या कापतात, वर चीज पसरून भट्टीत भाजतात. इथं ते कुठलं मिळायला?

मी म्हणालो, "साहेब, रव्याचं आम्हाला सांगता? पुनवेला संध्याकाळी घरी या." तोंड माझं, हात बायकोचे.

बायकोनं एकच अट घातली. "अंडं आत आलं, त मी बाहेर." साहेबानं धाडलेला चीजचा डबा तिनं हुंगला आणि गोठ्यात ठेवला. म्हशीनं दावं तोडलं. मग चीजच्या जागी खवा आला. भट्टी कुठून आणणार? कणकेचे पानगे भाजतो तशा अंगणात गोवऱ्या पेटवल्या, परातीवर झाकण ठेवलं, झाकणावर निखारे.

आता तुम्हीच सांगा, पुनवेचा दिवस, वाण्याच्या घरी परातभर रवा, चरवीभर दूध, तुपाचा घमघमाट. गल्लीनं काय समजावं? सत्यनारायण! दिवेलागणीला बायामाणसं आंघोळी करून ओसरीत येऊन बसली. मागून महाराज आले. काखेत पोथी, नाक फुगलेलं.

"शेठ, पूजा ठेवली अन् मले सांगतलं नाई? काऊन?"

पूजा नाही म्हणावं, तर सगळं गिऱ्हाईक ओसरीत. पुनवेला माणसं प्रसादाविना परत धाडणाऱ्या वाण्याचं दुकान कोण चढेल? शिवाय वाटलं, एवढी गर्दी पाहून साहेबावर छाप पडेल. व्यापारी डोकं ना!

"तुमचीच वाट पाहून राह्यलो, महाराज."

जीप आली. साहेबानं बूट काढले, मांडी घातली, सगळी पोथी हात जोडून ऐकली. मी अंगणात निखारे फुंकत होतो. परात सोनेरी होऊन निघाली ती थेट देवापुढं गेली, आणि महाराजांनी चकत्या मोडून चिमूटचिमूट वाटल्या.

पहिल्या घासाला ओसरीला कळलं. खारट! आणि प्रसाद काही थुंकता येत नाही. लोक डोळे मिटून गिळत होते. साहेबाला वाटलं, भक्ती. शेजारच्या सीताबाई तेवढ्या हळूच म्हणाल्या, "देवाची दृष्ट काढली का जी, शेठ?"

साहेब मात्र विरघळला. थेट आईच्या हातची चव, म्हणाला. उठला, आणि ज्यांच्या हातून ती मिळाली, ज्यांच्या पाया सगळी गल्ली पडत होती, त्या महाराजांना त्यानं मिठी मारली. माझ्या वाकण्यावरून मी मुनीम असणार, हे त्यानं कधीच ठरवलं होतं. खरे शेठ त्याला आज भेटले. मी काजळल्या तोंडानं, हातात फुंकणी घेऊन पुढं झालो, तर मला बक्षिसी मिळाली.

बंगल्यांचं काम महाराजांच्या नावानं निघालं. आता ते खाणीला किराणा पुरवतात, तोही माझ्या दुकानासमोरच्या दुसऱ्या वाण्याकडून उचलून. माझ्याकडून का घेत नाही, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाई जी शेठ, तुमचा रवा खारा निघते."