नानांचं ‘बरं आहे’

माझे सासरे, नाना, कोणत्याही गोष्टीला ‘बरं आहे’ यापेक्षा जास्त मार्क देत नसत. मिरजेहून पहिल्यांदाच आमच्याकडे दुबईला आले, तेव्हा जगातली सर्वांत उंच इमारत मान वर करकरून पाहिली आणि म्हणाले, "बरी आहे." मला पाहायला आले तेव्हाही घरी जाऊन एवढंच म्हणाले होते, "मुलगा बरा आहे." आठ वर्षं मी त्या ‘बरा’चा ‘चांगला’ व्हावा म्हणून धडपडत होतो.

म्हणून मी त्यांना जुमेऱ्यातल्या एका झकपक रेस्टॉरंटात नेलं. तिथे अमेरिकेच्या मेक्सिकोलगतच्या वाळवंटी मुलखातलं जेवण मिळतं. दुपारी ऑफिसात बसून मी त्याचा अभ्यास केला होता. टेबलावर मेणबत्ती एवढीशी, मेनूकार्ड मात्र भिंतीएवढं. निळ्या मक्याच्या रोट्यांवर मी नानांना व्याख्यान दिलं. मग भाजलेल्या हिरव्या मिरच्यांचा मटणाचा रस्सा मागवला.

वेटर अदबीनं म्हणाला, "सर, धिस वन इज व्हेरी हॉट."

"हबीबी," मी हसलो, "वी आर इंडियन्स."

कपाळावर हात मारायचं काम तेवढं मेधानं, माझ्या बायकोनं, केलं.

पहिल्याच घासाला अख्खी मिरची दाताखाली आली. कान बंद झाले, उचकी लागली, डोळे-नाक एकदम वाहू लागले. शेजारच्या टेबलावरची मंडळी वळून बघायला लागली. "बाबा, आर यू क्रायिंग?" आमच्या छोट्या मुलीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

नानांनी आपली मक्याची खीरवजा थाळी माझ्यापुढे सरकवली आणि माझा रस्सा स्वतःकडे ओढला.

"नाना, राहू द्या ना, परत पाठवू."

"नको. तुम्ही एवढं छातीठोक सांगितलंत त्याला. परत गेलं तर तुमचं कसं दिसेल?"

आणि त्यांनी तो रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. टक्कल घामानं चमकत होतं.

"कसं होतं?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"बरं होतं," नाना म्हणाले आणि तीन ग्लास पाणी प्यायले.

गेल्या वर्षी नाना गेले. तेराव्याला मिरजेत पंगत बसली. आमटीचा वास सुटला होता, तोंडाला पाणी सुटलं होतं. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या पानाशी वेगळी वाटी ठेवली. फिकं वरण.

"दुबईहून आल्यावर यांनी बजावून ठेवलंय," त्या हळूच म्हणाल्या. "जावयांना तिखट सोसत नाही. ते स्वतः सांगायचे नाहीत, भिडस्त आहेत. आपणच बघायचं. फार चांगला माणूस आहे, असं म्हणाले होते."

सासूबाईंच्या हातची झणझणीत आमटी मला जीव की प्राण आहे. पण त्या दिवशी मी वरणच दोनदा मागून घेतलं.